कूलरमधला मळ्या

आजी : मी कवाची सांगतेय, कूलर खोकतोय. तुम्हाला ऐकूच येत न्हाई.

आबा : खोकत नाही गं, पंपात काहीतरी अडकलंय. पाणी वर चढत नाही, म्हणून ही घरघर. एक बाजू काढून बघतो. बॅटरी दे इकडं.

आजी : मे महिन्यात कूलर बंद म्हंजी माणसानं जगायचं कसं? आन् वास बी येतोय. वाळ्याचा न्हाई, भलताच.

गौतमी : आबा, उघडू नका!

आबा : का गं?

गौतमी : शॉक बसेल तुम्हाला.

आबा : बटण बंद केलंय, पिन काढलीय. अगं, सगळी नोकरी दौंड स्टेशनात पॉइंट्समन म्हणून केली मी. आधी लाईन बंद, मग हात. सरक जरा.

गौतमी : मग हळू उघडा. खूप हळू.

आबा : हळूच उघडतोय... रंभा, इकडं ये.

आजी : काय हाय? पाल हाय का?

आबा : मासे आहेत.

आजी : कुठं?

आबा : कूलरात. एक तळाला बसलाय, दोन टाकीच्या भिंतीला चिकटलेत. आणि एक पंपाच्या तोंडाशी... हा गेला बिचारा.

आजी : अगं बया! म्हंजी महिनाभर आम्ही माशांचं वारं खातोय व्हय?

गौतमी : मेला? कुठला मेला? शेपटीपाशी ठिपका आहे का त्याच्या?

आबा : आहे. काळा ठिपका.

गौतमी : तो धनश्रीचा होता.

आजी : कोण धनश्री?

गौतमी : शिरूरची, आजी. आमच्या खोलीच्या शेजारी राहायची. रिझल्टच्या दिवशी आम्ही घोड नदीच्या बंधाऱ्याखाली पकडले होते. दोन तिचे, दोन माझे. मी म्हणाले, आम्ही दौंडला राहायला चाललोय, पप्पांना कुरकुंभच्या कंपनीत नोकरी लागली. मग ती म्हणाली, चारही तूच ने. सुट्टीत आलीस की माझे मला दाखवायला आण.

आजी : तरीच! टेम्पोतनं सामान उतरवताना ती पाण्याची बाटली कुणाला हात लावू देईना पोरगी. हिचा बाप सम्राट म्हणला, शिरूरचं पाणी घेऊन आलीय, आपलं दौंडचं पाणी हिला गोड लागत न्हाई. आन् आम्ही हसलो बी!

आबा : थांब, रंभा. गौतमी, मला एक सांग. घरात बादली आहे, पिंप आहे, हौद आहे. मग कूलरच का?

गौतमी : आधी बादलीतच ठेवले होते. पण ते सारखे वर यायचे आणि तोंड उघडायचे. मला वाटलं मरतात आता. कूलर चालू होता म्हणून त्याच्यात टाकले. तर बरे झाले.

आबा : बरे झाले! का बरं झाले असतील?

गौतमी : कूलरमध्ये गार असतं म्हणून?

आबा : असेल. अजून काय असतं कूलरात, जे बादलीत नसतं?

गौतमी : आवाज... पंप... पाणी फिरतं! पाणी वर जातं आणि गवतावरून खाली पडतं.

आबा : आणि लाईट गेली की?

गौतमी : परत वर येऊन तोंड उघडतात. मग मी हातानं पाणी ढवळत बसते. काल दुपारी लाईट गेली तेव्हा मला झोप लागली. म्हणून तो मेला का, आबा?

आबा : त्यानं मेला की पंपानं ओढला, ते आता कळणार नाही. पण एक गोष्ट तू एकटीनं शोधून काढलीस. या माशाला पळतं पाणी लागतं. पाणी पळालं, उड्या मारत पडलं, की त्याच्यात हवा मिसळते. माशाला पाण्यातली हवा लागते. समजलं?

आजी : तुमची शाळा सुटली असंल तर माझ्या कूलरचं बघा. आन् खात काय हुते हे?

गौतमी : टाकीच्या भिंतीवरचं शेवाळ.

आजी : म्हणून यंदा टाकी घासावी लागली न्हाई व्हय! गुणाचे हायेत तसे.

आबा : पंपानं एक खाल्ला, गौतमी. हे तिघं किती दिवस काढतील इथं? नदीत सोडू या.

गौतमी : तुमच्या नदीत नको.

आबा : माझी कुठली? भीमा माझ्या बापाची नाही. आणि हे बघ, शिरूरची घोड नदी वाहत वाहत येते आणि दौंडच्या जरा वर भीमेलाच मिळते. म्हणजे दौंडच्या पुलाखालचं पाणी थोडं शिरूरचंच.

गौतमी : खरंच? मग इथं सोडले तर पोहत पोहत बंधाऱ्यापर्यंत जातील?

आबा : न जायला काय झालं? मेन लाईन आहे. उलट्या दिशेनं चढायचं, एवढंच.

आजी : दुधाची किटली न्या. बादली सांडंल. आन् वरनं ओलं फडकं गुंडाळते, ऊन लागंल त्यास्नी.

*

तानुबाई : या म्हाळूमामा. आज नातीला घेऊन? काय देऊ? चिलापी हाय, कटला हाय, वाम हाय जित्ती.

आबा : आज घ्यायला नाही, तानुबाई. सोडायला आलोय.

तानुबाई : मासं सोडायला? माझा धंदा बसवताय व्हय? बघू द्या किटलीत... अगं बाई, मळ्या! लई दिसांनी बघितला गं. माझ्या म्हायेरी असायचा, वर घोड नदीला. दगडाला चिकटून बसायचा आन् आम्ही पोरी दगूडच उचलून आणायचो.

आबा : इथं भीमेत नाही सापडत?

तानुबाई : जल्म गेला हितं जाळं वढण्यात. पुराच्या पाण्यात एखादा येतो चुकल्यावानी. ऱ्हात न्हाई.

गौतमी : तो परत घरी जात असेल, मावशी. पोहत.

तानुबाई : कसा जाईल? मधी चिंचणीचं धरण हाय की! एवढीशी वली भित असली तर चढंल बी हा, लई चिवट जात हाय. पर धरणाच्या भितीवर कसा चढंल?

गौतमी : आबा! तुम्ही म्हणालात मेन लाईन आहे.

आबा : म्हणालो खरा. धरण ध्यानातच आलं नाही माझ्या. लाईन आहे, पण मधलं फाटक कायमचं बंद आहे. चुकलो, बाई.

गौतमी : बरं झालं विचारलं. तुम्ही तर ओतणारच होता.

आबा : ओतणारच होतो. पण आलोय तर एक खेळ करू. तानुबाई, एक कटला आणि एक चिलापी हातात धरू का? विस्कटणार नाही.

तानुबाई : धरा की. तोवर गिऱ्हाईक बी न्हाई.

आबा : गौतमी, याचं तोंड बघ. कुठं उघडतं?

गौतमी : वर. आभाळाकडं बघतोय असं.

आबा : हा कटला. हा कुठं जेवत असेल?

गौतमी : वर... पाण्याच्या वरच्या बाजूला?

आबा : बरोब्बर. याला खोल, संथ पाणी आवडतं, वरवर फिरत तोंड उघडून खात जायचं. ही चिलापी. हिचं तोंड?

गौतमी : समोर. आपल्यासारखं.

तानुबाई : ती समदं खाती, लेकरा. समोर यील ते. आन् अंडी तोंडात घेऊन फिरती. पिलं बी भ्याली की आईच्या तोंडात घुसत्यात.

गौतमी : ईऽ! आणि चुकून गिळली तर?

तानुबाई : तिची ती बघंल! कुठं बी टाका, चिलापी जगती. नदी, धरण, शेततळं. हितं जाळं भरून तीच येती आता.

आबा : आता तुझा मळ्या. किटलीच्या काठाला चिकटलाय बघ. तोंड कुठं आहे?

गौतमी : दिसत नाही... हां, खाली आहे! हनुवटीच्या खाली. आणि तिथं गोल गोल काहीतरी आहे, चकतीसारखं.

आबा : त्या चकतीनं तो दगड धरतो. पाणी जोरात आलं तरी वाहून जात नाही. आणि तोंड खाली, म्हणून दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. आता नदीकडं बघ. ही बाभळीची डहाळी टाकतो पाण्यात. कुठं चालली?

गौतमी : कुठंच नाही. तिथंच फिरतेय.

आबा : खाली तळाला काय असेल?

गौतमी : चिखल.

आबा : मग सांग, सोडायचा का इथं?

गौतमी : दगड नाही, पळतं पाणी नाही. हा इथं काय धरणार? आणि खाणार काय?

आबा : हेच. पाणी एकच असलं तरी नदी सगळीकडं एकसारखी नसते. सगळ्या गाड्या दौंडला थांबतात, म्हणून सगळे प्रवासी दौंडला उतरतात का? ज्याचं काम इथं आहे तोच उतरतो. वामीचं काम इथं आहे. तिला चिखल लागतो, कपारी लागतात.

तानुबाई : हात लावून बघ की वामीला, पोरी. चावत न्हाई. सापावानी लांब, सुळ्ळकन निसटती बघ कशी. ये.

गौतमी : नको.

तानुबाई : अगं, भिऊ नको.

गौतमी : भीत नाही. मला नाही बघायचं. आबा, चला. आपण शिरूरला जाऊ या.

आबा : शिरूरला? आत्ता? हे काय हाकेवर आहे?

गौतमी : मग यांना परत कूलरमध्ये ठेवा.

तानुबाई : जावा मामा. न्हाईतर रंभावैनी तुम्हाला कूलरमधी ठेवतील.

*

आबा : घट्ट धरलीस ना किटली? झाकण उघडंच ठेव. हा पारगावचा पूल आला. थांबू जरा, स्कूटीवर बसून माझे पाय आखडले.

गौतमी : इथं कुठली नदी?

आबा : भीमाच. पण वर तिकडं, वाळकीला, मुळा-मुठा येऊन मिळते हिला. पुण्याहून येते ती. खाली बघ, पाण्यावर सगळी जलपर्णी. असल्या पाण्यात हवा कमी. तरी मरळ राहते हं यात. का राहत असेल, सांग?

गौतमी : माहीत नाही.

आबा : बघ तर खाली. एखादी दिसेल वर येताना. ती वर येते, आपल्यासारखी हवा घेते आणि परत बुडी मारते. म्हणून तिला...

गौतमी : मला नाही बघायचं, आबा. हे पण दौंडचंच पाणी आहे ना? चला तुम्ही.

आबा : चल बाई. बस.

*

गौतमी : आबा, चिलापी कुठंही राहते ना?

आबा : कुठंही.

गौतमी : आणि मळ्या नाही राहत.

आबा : नाही.

गौतमी : पप्पा म्हणतात, राहशील महिनाभरात, सवय होईल. महिना झाला की. मी मळ्या असले तर?

आबा : हे एवढा वेळ मनात होतं होय? अगं, तू मासा नाहीस. तुला पाय आहेत. आणि तुझ्या आबाकडं स्कूटी आहे.

गौतमी : तुम्ही रोज थोडेच नेणार आहात शिरूरला?

आबा : रोज नाही. कंबर राहिली पाहिजे. पण धनश्रीला फोन करायला कुठं स्कूटी लागते? ती तर करते म्हणे. तुझी मम्मी सांगत होती, तू उचलत नाहीस.

गौतमी : ती पहिल्यांदा माशांचंच विचारते, आणि ते तर लाईट गेली की मरायला टेकायचे. काल संध्याकाळी पण तिचा फोन आला होता. मला वाटतच होतं एक मेला, दिसेना म्हणून. काय सांगू तिला?

आबा : ते आता तिथं जाऊनच ठरव. मी काही सांगत नाही. रस्ता बघ काय झकास केलाय पुढं! सगळं काँक्रीट. आता पोचलोच समज.

गौतमी : आबा, थांबा! थांबा! ते वर आलेत. तोंड उघडतायत.

आबा : आत्तापर्यंत तर मजेत होते.

गौतमी : हात घालून ढवळते... आता बरं वाटतंय त्यांना. आबा, रस्ता चांगला लागल्यापासून असं झालं!

आबा : रस्त्याचा काय संबंध?

गौतमी : मघाशी खड्डे होते ना. किटलीतलं पाणी सारखं डुचमळत होतं. आता हलतच नाही. लाईट गेल्यावर कूलरमध्ये असंच व्हायचं.

आबा : अरे वा! हे माझ्या डोक्यात आलं नसतं. मग आता काय करायचं म्हणतेस?

गौतमी : खड्ड्यांतून चालवा.

आबा : काय?

गौतमी : चालवत चालवत मला हात घालता येत नाही, पडेन मी. तुम्ही खड्ड्यांतून चालवा.

आबा : जगात लोक खड्ड्यांपायी सरपंचाला शिव्या घालतात आणि मी भर दुपारी काँक्रीट सोडून खड्डा शोधतोय. बरं, तो कडेचा मुरमाचा पट्टा घेऊ. धर घट्ट.

गौतमी : छान! अजून एक, डावीकडं!

आबा : आई गं... बसला का धक्का त्यांना?

गौतमी : खाली गेले, आबा! चिकटले परत!

आबा : त्यांचं काय, मी पण चिकटलोय हँडलला. मागून बघणारा म्हणत असेल, म्हातारा पिऊन चालवतोय.

गौतमी : आजीचा फोन येतोय. स्पीकरवर लावते. हां, आजी.

आजी : पोचलात का? मासं जित्ते हायेत का?

गौतमी : आहेत, आजी! आबा खड्ड्यांतून गाडी चालवतायत.

आजी : दुसरं येतंय काय त्यास्नी! डोळ्याचा नंबर बदला म्हणून वरडतेय मी.

आबा : अगं, मुद्दाम चालवतोय!

आजी : मुद्दाम? उन्हानं डोकं फिरलं जणू. टोपी घातलीय का? गौतमी, फडकं वाळलं असंल तर भिजव. आन् ते पोचले की सांग मला. मासं म्हणतेय मी, आबा न्हाई.

आबा : ऐकलंस? किंमत कळली माझी.

*

आबा : हा न्हावऱ्याचा फाटा. इकडून गेलं की चिंचणीचं धरण. गौतमी, तिथलं पाणी म्हणजे घोड नदीचंच, शिरूरवरून आलेलं. तिथं सोडले तर? जवळ पडेल, माझी कंबर वाचेल.

गौतमी : धरणात पाणी पळतं का?

आबा : तू सांग.

गौतमी : नाही पळत. अडवलेलं असतं. खोल असतं. तिथं... कटला असेल. वर तोंडवाला.

आबा : आहेच. मत्स्यबीज सोडतात त्याचं.

गौतमी : आणि चिलापी तर असणारच.

आबा : असणारच.

गौतमी : मग नको. सरळ चला.

आबा : सरळ तर सरळ. मास्तरीणबाईंनी सिग्नल दिला.

*

(शिरूर. बंधाऱ्याच्या दारांतून गळणारं पाणी खालच्या खडकांवरून खळाळतंय. उन्हं कलली आहेत.)

धनश्री : गौतमेऽ! मला वाटलं खोटं बोलतेस. आबांच्या फोनवरून सांगितलंस, बंधाऱ्यावर आलेय म्हणून, तशी मी चप्पल न घालता पळत आले.

गौतमी : पाय भाजले असतील.

धनश्री : भाजू देत. हे तुझे आबा? नमस्कार, आबा. तुमच्या शर्टावर पाणी सांडलंय.

आबा : सांडलंय, मुरूम उडालाय, सगळं झालंय. बसतो मी या दगडावर. चालू द्या तुमचं.

धनश्री : आण, दाखव किटली. माझे कुठं आहेत?

गौतमी : धना, तुझा ठिपकेवाला गेला.

धनश्री : गेला म्हणजे?

गौतमी : मेला. पंपात अडकला. मला झोप लागली होती.

धनश्री : कसल्या पंपात?

गौतमी : कूलरच्या.

धनश्री : तू मासे कूलरमध्ये ठेवलेस? खरंच? कूलरमध्ये?

गौतमी : हसू नको ना. बादलीत मरत होते.

धनश्री : मी नाही हसत... हसतेय, पण तुला नाही. तुझ्या आजीला माहीत होतं?

गौतमी : आज कळलं. म्हणाली, आम्ही महिनाभर माशांचं वारं खातोय.

धनश्री : अयाई गं!

गौतमी : तू चिडली नाहीस?

धनश्री : चिडलेय. फोन का उचलत नव्हतीस? मम्मीला म्हटलं, दौंडला तिला दुसरी कुणीतरी मिळाली असेल, रेल्वेवाल्यांची. मी आता फोन करणारच नाही. काल शेवटचा केला होता.

गौतमी : मला कुणीच मिळालं नाही. माशामुळं उचलत नव्हते.

धनश्री : माशाचं काय एवढं? हा दगड उचलला तरी दोन निघतील. तू फोन उचलायचास ना, बावळट.

गौतमी : आता उचलेन.

धनश्री : पहिल्या रिंगला.

गौतमी : पहिल्या नाही. मम्मीचा मोबाईल असतो, ती आत असते. तिसऱ्या.

धनश्री : बरं, तिसऱ्या. चल, ओत त्यांना.

आबा : थांबा, थांबा, पोरींनो. एकदम ओतायचं नाही. गौतमी, किटलीत हात घाल. आता नदीत घाल.

गौतमी : किटलीतलं कोमट आहे. नदीचं गार आहे.

आबा : मग एकदम टाकलं तर दचकतील. नदीचं पाणी ओंजळीनं किटलीत घाल. थोडं थोडं. त्यांना कळू दे आपण कुठं आलोय ते. घाई नाही, आजचा दिवस आपलाच आहे.

धनश्री : पण आबा, हे इथलेच तर आहेत. यांना काय कळायचंय?

आबा : इथलेच असले तरी बाहेर राहून आलेत. जरा वेळ लागतो. तोवर ही काडी टाक गं पाण्यात.

धनश्री : टाकली... गेली! त्या खडकापाशी पोचली पण. का टाकायची होती?

गौतमी : मी सांगते. पाणी पळतंय की नाही ते बघायला. आणि खाली दगड आहेत, दगडावर शेवाळ आहे. याचं तोंड खाली असतं, चकतीनं दगड धरतो आणि खरवडून खातो. कटल्याचं तोंड वर असतं, म्हणून तो धरणात वरवर फिरतो.

धनश्री : तुला कुणी शिकवलं?

गौतमी : आबांनी. आणि कूलरनं.

आबा : आता वाकडी कर किटली. पाण्याच्या आत धरून. ओतायचं नाही, दार उघडल्यासारखं करायचं.

धनश्री : एक गेला! दुसरा... तिसरा बसलाय. ए, जा की!

गौतमी : ओरडू नको. जाईल तो.

धनश्री : गेला! त्या दगडाला चिकटला... आता दिसत नाही.

गौतमी : तिथंच आहे. दगडासारखाच दिसतो ना, म्हणून.

आबा : आजीला कळवा, मासे पोचले. नाहीतर जेवायची नाही ती.

धनश्री : गौतमी, तिकडं दौंडला कुठले मासे असतात गं?

गौतमी : तिकडं... चिलापी. जाळं भरून तीच येते. ती पिलं तोंडात ठेवते.

धनश्री : तोंडात! अजून?

गौतमी : मरळ असते. ती हवा घ्यायला वर येते म्हणे. आणि वाम. तानुबाई मावशींकडं जिवंत वाम होती आज सकाळी.

धनश्री : जिवंत वाम? मी कधीच बघितली नाही! हात लावलास? कशी लागते?

गौतमी : नाही लावला.

धनश्री : का?

गौतमी : असंच.

धनश्री : समोर जिवंत वाम होती आणि तू असंच नाही हात लावलास? मी असते तर गळ्यात घातली असती. आणि मरळ वर येताना कशी दिसते? आवाज होतो का?

गौतमी : माहीत नाही. बघितली नाही.

धनश्री : काय गं तू! एवढी मोठी नदी मिळाली तुला आणि काहीच बघितलं नाहीस. पुढच्या फोनला नीट सांग मला. मी विचारणार आहे.

आबा : चला, मास्तरीणबाई. उजेडात पोचायचं आहे. जाताना मात्र मी काँक्रीटवरूनच चालवणार.

गौतमी : चालवा. किटली रिकामी आहे आता. येते गं, धना.

धनश्री : तिसरी रिंग!

गौतमी : तिसरी! ...आबा, ती वाम उद्यापर्यंत राहील का हो तानुबाई मावशींकडं?

आबा : ती कशाला राहतेय? दुपारीच गेली असेल कुणाच्या तरी कालवणात. पण उद्या दुसरी येईल. भीमेत वामीला काही तोटा नाही.

गौतमी : मग उद्या जाऊ या आपण?

आबा : जाऊ की. बसलीस नीट?

गौतमी : हो. आणि आबा, पारगावच्या पुलावर थांबा जरा. मघाशी मी खाली बघितलंच नव्हतं.